दहापर्यंत

रात्री शेजारच्या कारखान्यात पाळी बदलते.
माग पाच-सात मिनिटं गप्प.
तेवढ्यात आम्ही आमची औषधं उरकून घेतो.

आधी त्याचा पंप. तपकिरी.
निळा उशाशी, अडीनडीला.
नरसय्या खाटेच्या काठावर ताठ बसतो
फोटोला बसल्यासारखा,
पंप हलवतो, श्वास सोडतो,
असा सोडतो की एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर
जेवढा कापूस आत गेला
तेवढा आजच बाहेर यावा.
मग दाबतो, ओढतो, ओठ मिटतो
आणि माझ्याकडे बघतो.
मोजायचं मी.

ओकटि, रेंडु, मूडु.
दिवसभर मराठीत भांडते, भाजी घेते,
आकडे मात्र आईचेच येतात तोंडात.
पहिल्या रात्री दहाला थांबायचं राहूनच गेलं.
विड्यांचा कट्टा पंचविसाचा, हाताला तीच सवय.
चौदाला त्याचे डोळे बाहेर आले,
खोकला, आणि खोकता खोकता हसला.
बऱ्याच महिन्यांनी हसला.

त्याआधी दोन वर्षं पंप डब्याच्या पिशवीत असायचा,
कडक भाकरीच्या फडक्याखाली.
संडासात जाऊन ओढायचा.
"एकदा लागला की सुटत नाही," यल्लव्वा म्हणाली होती,
जशी काही दारूच.
मालकाला कळलं तर, ही वेगळी भीती.
मग मे महिन्यातल्या एका दुपारी
चार नंबरच्या मागाशी तो खाली बसला
आणि पिशवी होती दुसऱ्या टोकाला, खिळ्याला.
आता पंप शर्टाच्या खिशात,
सगळ्यांना दिसेल असा.

पंपाच्या पाठीवर आकडा असतो, रोज उतरत जातो.
आज एकशे सोळा.
मला त्या आकड्यात विड्या दिसतात:
एक पंप म्हणजे दीड हजार, वर थोड्या.
बोलत नाही मी हे.
"चूळ भर," एवढंच म्हणते.

मग माझे डोळे.
तंबाखूची भुकटी, उन्हाळा, होटगी रोडची धूळ,
कुणाला दोष द्यायचा?
पदराने चोळायचे, चोळले की आणखी खाजायचे.
कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराने एक बाटली दिली.
दोन थेंबांत असं गार वाटलं
की चार महिने तीच घालत राहिले.
चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी ती बाटली
खिडकीच्या उजेडात धरली, खोट्या नोटेसारखी.
"कधीपासून?"
मी सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत,
दाब तपासायला पाठवलं.
डोळ्यालाही दाब असतो
हे मला त्या दिवशी कळलं.
वाचले म्हणे. थोडक्यात.

आता नवी बाटली. तिच्यावर नरसय्याने
उघडल्याची तारीख लिहिलीय बॉलपेनने,
महिना झाला की अर्धी उरली तरी फेकायची.
मी आडवी होते.
तुटलेला धागा न बघता सांधणारी त्याची बोटं
माझी खालची पापणी ओढतात.
पण ज्या रात्री निळा पंप लागलेला असतो
त्या रात्री हात थरथरतो त्याचा,
औषधच तसं आहे, म्हणतात.
थेंब गालावर पडतो, कानाकडे ओघळतो.
"रडतेस?" तो विचारतो.
"नेम बघ आधी," मी म्हणते.

दुसरा थेंब आत जातो.
नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, डोळे मिटायचे,
आणि आता मोजायचं त्याने.
तो सावकाश मोजतो, फार सावकाश,
मी जरा जास्त वेळ पडून राहावं म्हणून
की त्याला दमच तेवढा पुरतो म्हणून,
विचारलं नाही कधी.

आरु. एडु.
पलीकडे माग सुरू होतात,
भिंत हलायला लागते,
आणि तो कुठवर आला होता ते विसरतो.
मी डोळे न उघडता सांगते,
एनिमिदि.